भोंग्याचा वाद आणि देवळातले कपाट

सप्ताहाच्या बैठकीत वर्गणीचा आकडा ठरला, कीर्तनकारांच्या तारखा लागल्या, पंगती वाटून झाल्या, की सगळ्यात शेवटी विषय निघतो तो ‘साऊंड’चा. कोणीतरी म्हणतो, ‘यंदा पंचक्रोशीत आवाज गेला पाहिजे.’ दुसरा म्हणतो, ‘मागच्या साली दोन भोंगे कमी पडले, या साली चार लावा.’ पुण्या-मुंबईला नोकरीला असलेला एखादा गावकरी फोनवरूनच जाहीर करतो, ‘अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडून.’ टाळ्या होतात, बैठक उठते. तो अ‍ॅम्प्लिफायर ठेवायचा कुठे, त्याला वीज कुठून द्यायची, किल्ली कुणाकडे राहणार आणि आवाजाचे बटण कुठवर फिरवायचे, यावर कोणी तोंड उघडत नाही. मग तो अ‍ॅम्प्लिफायर गाभाऱ्याच्या दाराशेजारच्या कोनाड्यात, समईच्या खाली, तेलाच्या बाटलीला टेकून बसतो आणि पुढची दहा वर्षे तिथेच बसतो.

हा विषय आज काढण्याला कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ला भागातील रहिवासी संघटनांच्या याचिकेवर निकाल दिला. ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटले. तक्रार आली तर पोलिसांनी तक्रारदाराचे नाव उघड न करता आधी समज द्यावी, पुन्हा घडल्यास दंड करावा, तरीही ऐकले नाही तर साहित्य जप्त करावे आणि शेवटी परवाना रद्द करण्याकडे जावे, अशी पायरीही आखून दिली. त्यानंतर राज्यात कारवाई सुरू झाली. धार्मिक स्थळांवरचे तीन हजारांवर भोंगे उतरवल्याचे जुलै २०२५ मध्ये विधानसभेत सांगण्यात आले.

गावोगावच्या पारावर या निकालाची चर्चा झाली ती ‘कुणाचा उतरला आणि कुणाचा राहिला’ एवढीच. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, जी फारशी कोणी वाचली नाही. ध्वनिक्षेपकाच्या यंत्रणेतच आवाजाची मर्यादा आधीपासून बसवून ठेवण्याची सोय असावी आणि तसे निर्देश सर्व धर्मांच्या संस्थांना देण्याचा सरकारने विचार करावा, असे न्यायालयाने सुचवले आहे. आता ही सोय शिखरावरच्या भोंग्यात नसते बरं का. ती असते खाली, ज्या कपाटात यंत्रे ठेवलेली आहेत तिथे. भांडण सगळे शिखरावर चालले आहे आणि त्याचा तोडगा खाली कोनाड्यात धूळ खात पडला आहे, हे मला आज तुम्हाला सांगायचे आहे.

आधी कायदा दोन शब्दांत बघू, कारण पोलीस पाटलांना नि सरपंचांना रोज त्याच्याशीच गाठ पडते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ बंदी. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते, आणि ते दिवस कोणते हे गाव ठरवत नाही. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सार्वजनिक जागेवर ध्वनिक्षेपक लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त चालतो, पण ७५ च्या वर नाही. म्हणजे गावठाणातल्या देवळाच्या कुंपणाशी दिवसा ६५ झाले. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्याभोवतीची जागा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेली असेल तर मर्यादा आणखी कमी, दिवसा ५० आणि रात्री ४०. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा आणि मारुतीचे देऊळ यांच्यात बऱ्याचदा एक भिंत असते, म्हणून हे सांगितले.

एका वॅटचा हिशेब

आता ६५ डेसिबल म्हणजे किती, हे कुणाला हाताने दाखवता येत नाही. म्हणून साधा हिशेब करू. कागद-पेन्सिल घ्या.

पत्र्याचा साधा भोंगा एक वॅट विजेवर एक मीटर अंतरावर सुमारे १०५ डेसिबल आवाज देतो. काही थोडा कमी देतात, काही जास्त. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. या हिशेबाने २० मीटरवर, म्हणजे देवळाच्या कुंपणाशी, तो ७९ भरतो. शंभर मीटरवर ६५. हे फक्त एका वॅटवर! आणि आपण वर्गणी काढून आणतो अडीचशे वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर.

शंभर वॅट सोडले तर आणखी २० डेसिबल वाढतात. कुंपणाशी ९९ आणि दोनशे मीटरवरच्या घराच्या ओट्यावर ७९. वारा, झाडे, भिंती यांनी त्यातून थोडे वजा होईल, भोंग्याचे तोंड वळवले तर आणखी होईल. पण ६५ च्या आत काही येत नाही. म्हणजे शिखरावर भोंगा ठेवून कायदा पाळायचा तर जवळजवळ न बोलल्यासारखेच बोलावे लागेल. पोलीस आले आणि यंत्राने मोजले तर ‘साहेब, थोडाच लावला होता’ या म्हणण्याला अर्थ राहत नाही.

उलट दुसरी गोष्ट बघा. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटत नाही, जेमतेम फरक कळतो. शंभरचा काढून दोनशे वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आणणाऱ्या गावाने पैसे दुप्पट दिले आणि पदरात पडले ३ डेसिबल. दुकानदार हे सांगणार नाही. त्याने का सांगावे?

मग करायचे काय? कीर्तन ऐकायला जो सभामंडपात बसला आहे त्याला शब्द स्पष्ट ऐकू आला पाहिजे, एवढेच ठरवा. त्यासाठी खांबांवर उभे लांबट स्पीकर लावतात, ज्याला कॉलम म्हणतात. ते माणसाच्या डोक्याच्या थोडे वर, किंचित खाली झुकवून बसवायचे. ऐकणारा स्पीकरपासून चार-पाच मीटरवर असला की तीन-चार वॅट पुष्कळ होतात. आपले सभामंडप म्हणजे फरशी, सिमेंटच्या भिंती आणि वर पत्रा. आवाज वाढवला की शब्द वाढत नाही, घुमणे वाढते. म्हातारी माणसे म्हणतात, ‘बुवा काय म्हणाले ते कळलं नाही, पण लई मोठ्यानं म्हणाले.’ एका टोकाला मोठा भोंगा ठेवण्यापेक्षा चार ठिकाणी हळू बोलणारे चार कॉलम ठेवले तर शब्द कळतो, आणि मंडपाबाहेर फार कमी आवाज जातो. गावाच्या दोन टोकांना दोन भोंगे लावणारी गावेही आहेत. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. दोन भोंग्यांच्या अंतरात तुमच्यापासून १७० मीटरचा फरक असला, तर तोच शब्द अर्ध्या सेकंदाने पुन्हा कानावर पडतो. अभंगाचे मग कालवण होते.

कपाट आधी, खरेदी नंतर

आता कपाटाकडे येऊ. शहरात याला रॅक म्हणतात. यंत्रे ठेवायची लोखंडी चौकट, एवढाच त्याचा अर्थ. मंदिर असो, मशीद असो, बुद्धविहार असो, चर्च असो, यंत्रे तीच आणि चुकाही त्याच. मशिदीत अ‍ॅम्प्लिफायर मिहराबशेजारच्या कोनाड्यात असतो, विहारात पुस्तकांच्या कपाटावर, चर्चमध्ये वेदीमागच्या खोलीत. धूळ कुणाची जात विचारत नाही.

जगभर या रॅकचे माप एकच आहे. यंत्राच्या दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच. उंची ‘यू’मध्ये मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच. दोन उभ्या पट्ट्यांमधली मोकळी जागा निदान पावणेअठरा इंच ठेवायची आणि दोन्ही बाजूंच्या स्क्रूच्या भोकांमधले अंतर १८.३ इंच. हे तीन आकडे गावातल्या वेल्डिंगवाल्याला लिहून दिले की तो अँगल आणि पट्टीतून चौकट करून देतो. तयार रॅक बाजारात मिळतो, पण गावात फॅब्रिकेशनचे दुकान असताना त्याची गरज नाही. वेल्डिंगवाला मात्र नेहमी एक चूक करतो: खोली कमी ठेवतो. एक फूट खोल कपाट केले की अ‍ॅम्प्लिफायर पुढे बाहेर येतो आणि दार लागत नाही. यंत्राची खोली मोजा आणि मागे वायर वळायला अर्धा फूट जास्त धरा.

खरेदीच्या आधी कागदावर कपाट काढून बघा. सगळ्यात खाली जड वस्तू, म्हणजे स्टॅबिलायझर आणि अ‍ॅम्प्लिफायर. पण जमिनीला टेकून नाही, निदान सहा इंच वर. अभिषेकाचे पाणी, फरशी धुताना टाकलेली बादली, पावसात उंबऱ्यातून आत येणारी धार, सगळे जमिनीवरूनच येते. कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर मिक्सर, कारण हात तिथे लागतो. त्याच्या वर बिनतारी माईकचा रिसीव्हर. त्याचा अँटेना लोखंडी कपाटाच्या आत कोंडला तर माईक मधेच तुटतो आणि मग ‘माईक खराब निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडण होते. अँटेना बाहेर काढा. एक खण माईक नि वायरी ठेवायला, आणि एक तृतीयांश जागा रिकामी. रिकामी जागा वाया जात नाही. दोन वर्षांनी कोणीतरी नवीन यंत्र देणारच आहे.

अ‍ॅम्प्लिफायर तापतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रात घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली आधीच चाळीसच्या वर पारा, त्यात यंत्रावर कुणी उपरणे टाकलेले, कुणी प्रसादाची परात ठेवलेली. वर आणि खाली पावणेदोन इंचाची फट सोडा, दाराला खाली जाळी आणि पाठीला वर जाळी ठेवा, म्हणजे थंड हवा खालून शिरेल आणि गरम वरून निघेल. जाळी बारीक हवी, कारण पाली आणि उंदीर दोघेही ऊब शोधत येतात. वायर आत येते त्या भोकात भांडी घासायच्या तारेचा बोळा गच्च कोंबा, पण तो उघड्या टोकांना लागू देऊ नका. उंदीर तो कुरतडत नाही.

कपाटाची जागा? गाभाऱ्यात नको, होमकुंडाजवळ नको, समईखाली तर नकोच नको. धूप, कापूर, उदबत्तीची काजळी, बुक्का आणि गुलाल यांनी बटणे आतून चिकट होतात. मग बटण फिरवले की खर्र-खर्र होते. कपाट सभामंडपाच्या कडेला, चालवणाऱ्याला कीर्तनकार दिसेल आणि मंडपातला आवाज ऐकू येईल अशा ठिकाणी हवे. बंद खोलीत बसून आवाज लावणारा माणूस नेहमी जास्तच लावतो, कारण त्याला तो ऐकू येत नसतो. आणि मागच्या बाजूला माणूस शिरेल एवढी जागा सोडा, नाहीतर चाके लावा. सप्ताहाच्या पाचव्या दिवशी वायर सुटली की कपाट भिंतीतून ओढून काढायचे कसे?

मर्यादा कुठे बसवायची

न्यायालयाने जी सोय सुचवली तिचे तीन मार्ग आहेत. पैसे असतील तर मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये लिमिटर नावाचे यंत्र बसवतात. ठरवलेल्या रेषेच्या वर आवाज गेला की ते दाबून धरते, मग बुवा कितीही ओरडोत. नव्या डिजिटल यंत्रात त्याला संकेतशब्द लावता येतो. हे पहिले.

दुसरे स्वस्तातले. आवाज मोजून बटण एका जागी ठरवायचे, रंगाने खूण करायची आणि त्याच्यावर पत्र्याचे झाकण स्क्रूने बसवायचे. सुरू-बंदचे बटण तेवढे बाहेर ठेवायचे. गावातल्या चार पोरांना झाकणाचा स्क्रू काढता येतो हे मला माहीत आहे. पण झाकण काढले हे दिसते, आणि दिसले की विचारता येते.

तिसरा मार्ग मला सर्वांत पसंत आहे, कारण तो कुणाच्या हातात राहत नाही. शंभर व्होल्टच्या लाईनवर चालणाऱ्या स्पीकरला एक ट्रान्सफॉर्मर असतो. त्याला वॅटचे वेगवेगळे टॅप काढलेले असतात. वायर ३० च्या टॅपवरून काढून ५ च्या किंवा त्याहून खालच्या टॅपवर लावली की खाली कपाटात बटण कितीही पिळले तरी तो स्पीकर ठरल्यापेक्षा फार जास्त घेऊ शकत नाही. शिडी लावल्याशिवाय ते बदलता येत नाही. या लाईनचा दुसराही फायदा आहे. आपल्याकडे आठ ओहमचा भोंगा लांब वायरीने जोडतात. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर शंभर मीटर नेली तर जवळपास चौथाई वीज वायरीतच जिरते. शंभर व्होल्टच्या लाईनवर तेवढ्याच वायरीत चाळीस वॅटला एखादा टक्काच जातो. आणि आठ ओहमचे चार स्पीकर सरळ शेजारी-शेजारी जोडले की दोनच ओहम उरतात आणि अ‍ॅम्प्लिफायर जळतो. दरवर्षी सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी ‘मशीन उडालं’ म्हणून तालुक्याला पळणारी जीप आठवा. त्यातल्या बऱ्याच जीपांचे कारण हे असते.

मोजायचे कशाने? मोबाईलवरच्या अ‍ॅपने अंदाज येतो, पुरावा होत नाही. पोलिसांकडे मोजायचे यंत्र असते. परवानगीचा अर्ज घेऊन जाल तेव्हाच विनंती करा की एकदा येऊन कुंपणाशी मोजून द्या. भांडण होण्याआधी आलेला पोलीस आणि तक्रारीनंतर आलेला पोलीस यांत फरक असतो. पोलीस पाटलांनी यात पुढाकार घ्यावा, एवढे सुचवतो.

कुणी पाटी लावत नाही अशी गोष्ट

आवाजाचे इतके झाले, पण माझ्या लेखी याहून मोठी गोष्ट विजेची आहे. कायदा मोडला तर दंड होईल. अर्थिंग नसले तर माणूस जाईल.

आमच्याच गावात काही वर्षांपूर्वी काल्याच्या दिवशी दहीहंडीचे पाणी मंडपभर झाले होते. बुवांनी माईक हातात घेतला आणि झटका लागून तो फेकून दिला. लोक आधी हसले. बुवांचा हात संध्याकाळपर्यंत बधिर होता. नंतर पाहिले तर बोर्डातल्या तीन पिनांपैकी मोठ्या पिनेला वायरच नव्हती. अ‍ॅम्प्लिफायरच्या वायरीचे दोन फाटे सॉकेटमध्ये काड्यापेटीच्या काड्या खोचून बसवले होते. माईकचे धातूचे अंग आणि अ‍ॅम्प्लिफायरचा पत्रा वायरीच्या जाळीने एकमेकांना जोडलेले असतात. पत्र्यात वीज उतरली की ती सरळ माईकमध्ये येते. अनवाणी, ओल्या फरशीवर उभा असलेला कीर्तनकार म्हणजे त्या विजेला जमिनीत जायची सोपी वाट. त्या दिवशी वाचले हे नशीब. बोर्ड कुणी बसवला होता, तर आम्हीच सगळ्यांनी. म्हणजे कुणीच नाही.

म्हणून कपाटाच्या चौकटीला स्वतंत्र अर्थिंगची वायर, तिला देवळाजवळच पुरलेला अर्थिंगचा खड्डा, कपाटापुरती एक एमसीबी आणि ३० मिलिअँपियरची आरसीसीबी, हे परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि त्याच्याकडून मोजून घ्या. आरसीसीबीवर तपासणीचे एक छोटे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबायचे. पडली तर चांगली, न पडली तर बदलायची. विसरू नये म्हणून एकादशी धरा, दिवस लक्षात राहतो. कपाटातली सगळी यंत्रे एकाच बोर्डावरून, एकाच फेजवर चालवा. मंडपवाल्याची लाइटिंग आणि जनरेटर वेगळ्या बोर्डावर. आकडा टाकून सप्ताह करण्याचे दिवस आता संपवा. महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते, तिचा अर्ज वर्गणीच्या बैठकीतच लिहा. गावात व्होल्टेज रात्री अकराला वर जाते आणि संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की खाली बसते, तेव्हा स्टॅबिलायझर हा चैनीचा खर्च समजू नका.

सुरू करताना अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी. नाहीतर ‘ठप्प’ असा दणका स्पीकरमध्ये जातो आणि एक दिवस त्याचा पडदा फाटतो. माईकची वायर आणि विजेची वायर एकत्र बांधू नका, घूं असा आवाज त्यामुळे येतो. कूं अशी शिट्टी येते ती माईक स्पीकरच्या समोर आल्यामुळे. त्याला उपाय बटण नाही, जागा बदलणे हा आहे.

आणि वळवाचे दिवस ध्यानात ठेवा. शिखरावरचा भोंगा ही गावातली बहुधा सर्वांत उंच लोखंडी वस्तू. त्याची वायर सरळ कपाटात आलेली असते. ढग गडगडू लागले की विजेची पिन तर काढाच, भोंग्याची वायरही काढा. यासाठी ती कपाटात स्क्रूने न आवळता हाताने निघेल अशा प्लगने जोडून घ्या. मात्र डोक्यावर वीज कडाडत असताना वायरीला हात लावायला जाऊ नका. आभाळ भरून येतानाच हे काम उरकायचे.

आता या सगळ्याला पैसा कोण देणार? देणगीदार घंटा देतो, पंखा देतो, भोंगा देतो, कारण त्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ लिहिता येते. अर्थिंगच्या खड्ड्यावर कुणी पाटी लावत नाही. म्हणून हा खर्च देणगीवर सोडू नका. साऊंडसाठी शंभर रुपये जमले तर त्यातले वीस ते पंचवीस कपाट, वायर, अर्थिंग नि कटआऊटसाठी आधी बाजूला काढा, उरलेल्यात यंत्र घ्या. विश्वस्तांनी तसा ठराव लिहून ठेवावा. यंत्र लहान येईल. वरचा वॅटचा हिशेब पाहिलात तर लहानच लागते.

हल्ली देवळात कॅमेरेही आले आहेत, कुठे गाभाऱ्याचे दर्शन दाखवणारा मोठा टीव्ही आला आहे, विहारातून प्रोजेक्टर आले आहेत. कॅमेऱ्याचे चित्रण साठवणारा डीव्हीआर मात्र दानपेटीच्या वरच्या फळीवर उघडा ठेवलेला मी पाहिला आहे. चोर आला तर तो पेटीबरोबर त्यालाही घेऊन जाईल. डीव्हीआर कुलपाच्या कपाटात, अ‍ॅम्प्लिफायरच्या वर नाही, कारण तिथली उष्णता त्याच्या डिस्कला मारते. त्याचे घड्याळ बरोबर आहे का हेही बघा. चोरी झाल्यावर पोलिसांना तारीख चुकीची असलेले चित्रण दिले तर तपासाची अर्धी ताकद घड्याळ जुळवण्यातच जाते.

किल्ल्या दोनच करा. एक पुजारी किंवा चालवणाऱ्याकडे, दुसरी विश्वस्तांकडे. कपाटाच्या दाराच्या आत एक वही दोऱ्याने बांधा: कोणत्या तारखेला किती वाजता सुरू, किती वाजता बंद, कोणी चालवले. परवान्याची प्रत त्याच दाराला आतून चिकटवा. तक्रार आली आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक भाऊसाहेब, पंचनाम्याला बोलावले गेले, तर त्यांच्या हातात द्यायला निदान एक कागद असेल.

राहता राहिला उतरवलेल्या भोंग्यांचा प्रश्न. ते भंगारात घालू नका. रात्रीच्या बंदीला नियमातच एक अपवाद आहे, सार्वजनिक आपत्तीचा. नदीकाठच्या गावात रात्री पाणी वाढले, उसाच्या फडाला आग लागली, वस्तीत बिबट्या शिरला, तर गावाला जागे करायला तोच भोंगा लागतो. त्यातला एक वेगळ्या वायरीवर ठेवा, वेगळ्या बटणावर, लाल रंग देऊन. ते बटण कपाटाच्या कुलपात नको. रात्री दोन वाजता किल्ली शोधत पुजाऱ्याचे घर गाठायला वेळ नसतो. काच लावलेल्या छोट्या पेटीत ते बाहेर असू द्या, आणि ती काच कुणी फोडायची त्या चौघांची नावे ग्रामसभेत वाचून दाखवा.